कोणता ट्रॅप कॅमेरा, कोणत्या रानासाठी?

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. बालाघाटच्या या झुडपी डोंगररांगेत वाघ असेल, असं कित्येक दशकांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. फोटोतले पट्टे आधीच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा हा नर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. कपाशीची शेतं, महामार्ग आणि नद्या ओलांडत तो चारशे-पाचशे किलोमीटर चालत आला होता. गळ्यात रेडिओ कॉलर नव्हती. दोन वेगवेगळ्या जंगलांत, वेगवेगळ्या वेळी निघालेले पट्टे वाचता येतील असे फोटो, एवढ्या आधारावर त्याची ओळख पटली.

हेच यंत्र आता कुणालाही घरबसल्या मागवता येतं. चार-पाच हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढपर्यंत कितीतरी प्रकार बाजारात आहेत. जवळपास सगळ्यांच्या अंगावर झाडाच्या सालीसारखी नक्षी असते आणि खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. घेणारेही आता फक्त वनखातं आणि संशोधक राहिलेले नाहीत. जुन्नर-शिरूरकडचे ऊसकरी, आजरा-चंदगड भागात हत्ती आणि गव्यांनी पिकं तुडवलेले शेतकरी, जंगलाला लागून वस्ती असलेल्या सोसायट्या, निसर्गमंडळं, महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग असे सगळेच त्याच्या शोधात असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘सगळ्यात चांगला कोणता?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर नाही. फोटोतून काय कळायला हवं आणि ते किती वेळात कळायला हवं, हे दोन मुद्दे आधी ठरले तर निवड सोपी होते. ते ठरवताना मेगापिक्सेलचा विचार जवळजवळ शेवटी येतो.

प्राण्यानेच स्वतःचा फोटो काढून घ्यावा, ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जॉर्ज शिरास यांनी वाटेवर तार ताणून, तिला पाय लागला की फ्लॅश पेटेल अशी रचना केली होती. त्यांची ७४ छायाचित्रं ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६ च्या अंकात छापली. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात याच पद्धतीने, बंदूक न उचलता, रानातल्या वाघांचे रात्रीचे फोटो मिळवले आणि १९२७ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. छंदाचं हे साधन मोजणीचं साधन झालं ते मात्र १९९०च्या दशकात, कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात. उल्लास कारंथ यांनी तिथे वाघांच्या पट्ट्यांवरून एकेक प्राणी ओळखला. किती वाघ पुन्हा पुन्हा फोटोत येतात आणि किती एकदाच येतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायची सांख्यिकी पद्धत त्यांनी वाघांना लावून दाखवली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तोवर देशभर पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत असत. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले सगळे वाघ संपलेत हे २००५ मध्ये उघड झालं, तेव्हा त्या मोजणीवरचा विश्वासही संपला आणि ट्रॅप कॅमेऱ्याला राष्ट्रीय गणनेत जागा मिळाली.

नागरहोळेतले त्या वेळचे संच दोन तुकड्यांचे असत. पायवाटेच्या एका बाजूचं यंत्र इन्फ्रारेड किरण सोडायचं, समोरचं तो झेलायचं आणि मधून कुणी गेलं की कॅमेऱ्याची कळ दाबली जायची. रोल फार तर ३६ फोटोंचा. वाऱ्याने फांदी मध्ये आली किंवा गुरांचा कळप गेला की तासाभरात सगळा रोल संपायचा. आज बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे कॅमेरे दुसऱ्या जातीचे आहेत. ते स्वतः काहीही सोडत नाहीत, समोरच्या उष्णतेतला बदल टिपतात. त्यांच्यातल्या संवेदकाला पीआयआर म्हणतात. पुढच्या भिंगामुळे समोरच्या भागाचे उभे पट्टे पडतात आणि आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड असं काही एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की कॅमेरा जागा होतो. म्हणूनच वाटेला आडवा लावलेला कॅमेरा प्राणी सहज पकडतो आणि वाटेच्या तोंडावर, येणाऱ्याच्या समोर लावलेला कॅमेरा कित्येकदा चुकतो. समोरून सरळ चालत येणारा प्राणी एकाच पट्ट्यात राहतो.

या एका गोष्टीचे परिणाम महाराष्ट्रात फार लांबवर जातात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या वर जातो. जमीन, दगड आणि वाळलेलं गवत वाघाच्या अंगापेक्षाही जास्त तापतं. दिवस कलताना एक वेळ अशी येते, की प्राण्याच्या अंगाची आणि मागच्या रानाची उष्णता जवळजवळ सारखी होते. संवेदकाला निदान दोन-तीन अंशांचा फरक लागतो. तो नसला तर प्राणी कॅमेऱ्यासमोरून निघून जातो आणि कार्डावर काहीच उमटत नाही. काही कॅमेऱ्यांत संवेदकाची तीव्रता ‘ऑटो’वर ठेवता येते आणि कॅमेरा तापमान पाहून ती स्वतः बदलतो. विदर्भात उन्हाळ्यात काम करायचं असेल तर ही सोय फोटोच्या आकारापेक्षा कितीतरी मोलाची आहे. ती नसेल तर तीव्रता हाताने वाढवून ठेवावी आणि गवत हलून निघणारे रिकामे फोटो पदरात घ्यावेत. साप, सरडे, बेडूक यांच्यासाठी मात्र पीआयआर फारसा कामाचा नाही, कारण त्यांचं अंग भोवतालाइतकंच गरम असतं. त्यांचा अभ्यास करायचा असेल तर ठरावीक मिनिटांनी आपोआप फोटो काढणारी टाइमलॅप्सची सोय पाहावी. पाणवठ्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या थव्यासाठीही तीच बरी.

प्राणी जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ, म्हणजे ट्रिगरचा वेग, हा विक्रेत्यांचा आवडता आकडा. चांगल्या कॅमेऱ्यात तो सेकंदाच्या दोन-तीन दशांशांवर येतो, स्वस्तातल्यात सेकंदभर किंवा जास्त. पाणवठ्यावर बसून पाणी पिणाऱ्या प्राण्यासाठी एवढ्याने काही बिघडत नाही. रस्त्यावरून झपाझप चालणाऱ्या बिबट्यासाठी बिघडतं. फोटोत फक्त शेपूट उरते. यापेक्षा कमी चर्चेत येणारा, पण तितकाच महत्त्वाचा मुद्दा म्हणजे एका फोटोनंतर दुसऱ्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ. वाघिणीमागून बछडे येतात, रानकुत्र्यांची टोळी ओळीने जाते. पहिल्या फोटोनंतर कॅमेरा अर्धं मिनिट झोपला तर टोळीऐवजी एकटाच रानकुत्रा नोंदला जातो. पांढरा फ्लॅश असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांत फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे ही अडचण जास्त.

खरी निवड होते ती फ्लॅशपाशी, आणि इथे थोडं थांबायला हवं.

रात्रीच्या उजेडाचे तीन प्रकार आहेत. पहिला पांढरा, झेनॉन दिव्याचा किंवा एलईडीचा. दुसरा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड, ज्यात कॅमेऱ्याचे दिवे विझत्या निखाऱ्यासारखे मंद लाल दिसतात. तिसरा ९४० नॅनोमीटरचा, ज्याला ‘नो ग्लो’ किंवा ‘ब्लॅक फ्लॅश’ म्हणतात. माणसाच्या डोळ्याला तो अजिबात दिसत नाही. इन्फ्रारेडचे दोन्ही प्रकार रात्री काळा-पांढरा फोटो देतात. उजेड कमी असल्याने कॅमेऱ्याला झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, म्हणून चालता प्राणी पुसट येतो. ९४०चा पल्ला ८५०पेक्षा कमी आणि फोटो जास्त दाणेदार. पांढरा फ्लॅश क्षणभरच उजळतो, पण तेवढ्यात धावता प्राणीही जागीच गोठल्यासारखा स्पष्ट येतो आणि रंगही कळतो.

वाघाच्या पट्ट्यांवरून किंवा बिबट्याच्या ठिपक्यांच्या फुलांवरून एकेक प्राणी ओळखायचा असेल तर पांढऱ्या फ्लॅशला पर्याय नाही, असं क्षेत्रात काम करणाऱ्यांचं अनुभवाचं मत आहे आणि ते बरोबर आहे. देशाच्या व्याघ्रगणनेत म्हणूनच पांढऱ्या फ्लॅशचे कडीबॅक, पँथेरा यांसारखे कॅमेरे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. शिवाय ते एकेकटे लावत नाहीत. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात, त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एक जोडी लावतात. फ्लॅश एकमेकांच्या भिंगात जाऊ नये म्हणून जोडीतला एक जरा पुढे-मागे सरकवतात. उंची माणसाच्या गुडघ्याएवढी, वाटेपासून अंतर तीन-चार मीटर. गणनेच्या पद्धतीत दर दोन चौरस किलोमीटरला अशी एक जोडी येते. ज्याला दहा चौरस किलोमीटरच्या जंगलातले बिबटे मोजायचे आहेत, त्याने एका कॅमेऱ्याच्या किमतीचा हिशोब करून उपयोग नाही. दहा कॅमेऱ्यांचा करावा. तेवढे पैसे नसतील तर ‘इथे किती बिबटे’ हा प्रश्न सोडून ‘इथे बिबट्या येतो का, कोणत्या वेळी येतो’ हा विचारावा. त्याला एकेकटा, इन्फ्रारेडचा, स्वस्तातला कॅमेराही पुरतो.

मोजणीच्या पद्धतीची ताकद सर्वांत ठळकपणे दिसली ती जंगलाबाहेर. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात आणि राखीव जंगल जवळजवळ नाही, तिथे ट्रॅप कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस निघाले. ऊसातला बिबट्या हा वाट चुकलेला प्राणी नसून तिथलाच रहिवासी आहे, ही गोष्ट आकड्याने सिद्ध झाली. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही ठिपके ताडून २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे ओळखले गेले. ‘बिबटे वाढले’ आणि ‘बिबटे शहरात घुसले’ या दोन वेगळ्या गोष्टींतला फरक समजायला असे एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं मिळवलेले फोटो लागतात.

पांढऱ्या फ्लॅशची बाजू घेताना त्याची किंमतही मांडायला हवी. प्राणी दचकतो. काही प्राणी ती जागा पुढे काही दिवस टाळतात. माणूस तर तो उजेड अर्ध्या किलोमीटरवरून पाहतो, म्हणजे चोराला कॅमेऱ्याचा पत्ता मिळतो. ८५०चा लाल ठिपकाही जवळून दिसतो. अवैध वृक्षतोड, शिकारीचे फास लावणारे किंवा वाळूचोरी यांच्यावर पाळत ठेवायची तर ९४०च हवा. मात्र ‘नो ग्लो’ म्हणजे प्राण्याला काहीच कळत नाही, हा समज खरा नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की ट्रॅप कॅमेऱ्यांतून सस्तन प्राण्यांना ऐकू येतील असे आवाज निघतात आणि इन्फ्रारेड उजेडही काही प्राण्यांना जाणवू शकतो. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणाऱ्या कोल्ह्याचे फोटो म्हणूनच इतके मिळतात.

सौंदर्यासाठी फोटो काढायचा असेल तर ही सगळी खोकी बाजूला ठेवावी लागतात. तिथे डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा पेटीत बंद करून, बाहेरून पीआयआर संवेदक आणि दोन-तीन वेगवेगळे फ्लॅश जोडून सापळा उभा करतात. नयन खानोलकर यांनी मुंबईच्या आरे कॉलनीत वारली वस्तीच्या गल्लीतून जाणारा बिबट्या असाच टिपला आणि ‘द अ‍ॅली कॅट’ या छायाचित्राला २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागातलं पहिलं बक्षीस मिळालं. एका चौकटीसाठी महिनोन्‌महिने, रोज जाऊन भिंग पुसायची तयारी हवी. गणनेला किंवा शेतराखणीला हा मार्ग नाही.

आता दुसरा मुद्दा, फोटो किती वेळात हातात यायला हवा.

व्याघ्रगणनेला घाई नसते. वनरक्षक आणि वनमजूर ठरावीक दिवसांनी जाऊन कार्ड बदलतात. पण यवतमाळच्या पांढरकवडा-राळेगाव भागात २०१८ मध्ये माणसांवरच्या हल्ल्यांचा ठपका असलेल्या टी-१ वाघिणीचा माग काढताना किंवा ज्या गावाच्या शिवारात काल हल्ला झाला तिथे, आठ दिवसांनी कळलेली गोष्ट कामाची नसते. इथे सिमकार्डावर चालणारे कॅमेरे पुढे येतात. फोटो निघाला की तो मोबाइल नेटवर्कवरून पाठवला जातो. हे कॅमेरे मुख्यतः अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी वाढले आणि तिथल्या कंपन्यांच्या नेटवर्कसाठी बनले. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवलेला महागडा कॅमेरा इथे आल्यावर मुका राहू शकतो. जिओकडे पहिल्यापासून टूजी-थ्रीजी नाहीच आणि एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी बंद केलं. जुन्या मॉडेलांतली टूजी-थ्रीजीवर फोटो पाठवायची सोय म्हणून आता बहुतेक ठिकाणी निरुपयोगी ठरते. फोरजी कॅमेरा घेतानाही तो भारतातल्या बँडवर, विशेषतः ३, ५ आणि ४० वर चालतो का, हे विकत घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावं. आणि सर्वांत आधी, जिथे लावायचा तिथे गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल धरून रेंज पाहावी. टेकडीवर उभं राहून मिळालेली रेंज ओढ्यात लावलेल्या कॅमेऱ्याला मिळत नाही.

वायफाय किंवा ब्लूटूथचे कॅमेरे हा यातला फसवा प्रकार. ते घरी फोटो पाठवत नाहीत. फार तर दहा-पंधरा मीटरवर उभं राहून मोबाइलवर फोटो उतरवून घेता येतात. गुहेच्या किंवा बिळाच्या अगदी तोंडाशी न जाता फोटो काढून घ्यायला ते चांगले, एरवी त्यांची गरज नाही.

सिमवाल्या कॅमेऱ्यांची मोठी अडचण नेटवर्कपेक्षा वेगळी आहे. हललेलं गवत, गुरं, गावकरी, माकडं यांचे शेकडो फोटो येतात आणि त्यात वाघाचा एक हरवतो. यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या आतच फोटो ओळखणारी प्रणाली बसवायला सुरुवात झाली. ‘ट्रेलगार्ड एआय’ हा कॅमेरा मध्य प्रदेशातल्या कान्हा-पेंच जंगलपट्ट्यात २०२२ मध्ये वापरून पाहिला गेला. तो आधी फोटोत वाघ, माणूस की आणखी काही हे ठरवतो आणि कामाचाच फोटो अर्ध्या-पाऊण मिनिटात पाठवतो. ताडोबाच्या बफर क्षेत्रातही सीतारामपेठ गावाभोवती असं कॅमेऱ्यांचं कडं उभारून गावकऱ्यांना इशारा देण्याचा प्रयोग झाला. ही दिशा योग्य आहे. पण इशारा आल्यावर रात्री अकरा वाजता कोण उठणार, कुणाला फोन करणार, शेतात जागलीला गेलेल्या माणसापर्यंत निरोप कसा पोचणार, हे ठरलेलं नसेल तर ही प्रणाली कितीही हुशार असो, फोटो फक्त मोबाइलमध्ये साठत राहतात. ताडोबाभोवतीच्या गावांत प्राथमिक बचाव दलाची मुलं आहेत, म्हणून तिथे अशा इशाऱ्याला अर्थ येतो.

शेतकऱ्याने मात्र ट्रॅप कॅमेऱ्याच्या मागे लागावंच असं नाही. गोठ्याजवळ बिबट्या येतो का, डाळिंबात रानडुक्कर कुठून शिरतं, एवढंच पाहायचं असेल आणि जागा घरापासून हाकेच्या अंतरावर, नेटवर्क असलेली असेल, तर सौरपट्टी आणि सिम असलेला सीसीटीव्ही जास्त कामाचा. तो मोबाइलवर चालू दृश्य दाखवतो, त्यातून हाक मारता येते, आणि सेल बदलायची कटकट नाही. ट्रॅप कॅमेऱ्याची जमेची बाजू वेगळी आहे. वीज, ऊन, नेटवर्क यांतलं काहीही नसलेल्या गर्द रानात तो महिनोन्‌महिने एकटा टिकतो.

टिकणं बरंचसं सेलवर अवलंबून असतं. बहुतेक कॅमेऱ्यांना आठ पेन्सिल सेल लागतात. आठ साध्या अल्कलाइन सेलचे मिळून १२ व्होल्ट होतात. पुन्हा भरता येणाऱ्या निकेल सेलचे १.२ च्या हिशोबाने ९.६. काही कॅमेरे या कमी दाबावर दिवसा नीट चालतात आणि रात्री फ्लॅश पेटवताना बंद पडतात. लिथियमचे सेल महाग, पण शेवटपर्यंत दाब टिकवून धरतात आणि उणे ४० अंशांपर्यंत चालतात. लडाख आणि स्पितीत हिमबिबट्यांच्या गणनेसारख्या कामात ते अपरिहार्य आहेत. त्या गणनेत १,९७१ ठिकाणी कॅमेरे लागले, २४१ वेगवेगळे हिमबिबटे ओळखले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये देशाचा अंदाज ७१८ असा जाहीर झाला. ताडोबात लिथियमचा खर्च करण्याची गरज नसते, चांगले अल्कलाइन पुरतात. व्हिडिओ लावला की मात्र कोणतेही सेल लवकर संपतात. अस्वल वाळवीचं वारूळ कसं उकरतं, पाणमांजरं पिल्लांना कशी घेऊन फिरतात, हे पाहायला व्हिडिओ हवाच. मोजणीला नको.

सह्याद्रीत शत्रू वेगळा आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. खोक्यावर ‘आयपी ६६’ लिहिलेलं असलं तरी तिथे पावसापेक्षा दमट हवाच आत शिरून भिंगामागे वाफ धरते. दाराची रबरी कड दर वेळी पुसणं, आत सिलिका जेलची पुडी ठेवणं आणि ती बदलणं, कॅमेऱ्यावर छोटंसं छप्पर करणं, हे कोयना-चांदोलीत काम करणाऱ्यांचे रोजचे उपाय. तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक जण कॅमेरे उतरवून घेतात. कोयना-चांदोली ज्यात येतात त्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात डिसेंबर २०२३ मध्ये, कित्येक वर्षांनंतर, ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. पाऊस सरल्यावर कॅमेरे पुन्हा चढवणाऱ्या वनरक्षकांच्या चिकाटीची ती मिळकत आहे. वाळवी आणि मुंग्या सेलच्या खणात घर करतात, कोळी भिंगासमोर जाळं विणतो आणि रात्रभर त्याचेच फोटो निघतात. हत्तींच्या वाटेवर कॅमेरा सोंडेने उपटला जातो. तिथे तो उंच बांधून खाली झुकवावा किंवा लोखंडी पेटीत बसवावा. चोरांसाठीही पेटी आणि पोलादी दोराचं कुलूप लागतं, आणि हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत आधीच धरावा.

आता मेगापिक्सेल. स्वस्त कॅमेऱ्यांवर २४, ३६, ४८ असे आकडे असतात. आतला मूळ संवेदक बहुधा दोन ते पाच मेगापिक्सेलचाच असतो आणि बाकीचे ठिपके सॉफ्टवेअर भरून काढतं. त्याने फोटोची फाइल जड होते, तपशील वाढत नाही. असा कॅमेरा घेतलाच असेल तर सर्वांत लहान आकारावर ठेवावा. कार्ड जास्त दिवस पुरतं आणि पुढचा फोटोही लवकर निघतो. विकत घेण्याआधी त्याच मॉडेलने रात्री काढलेला, चालत्या प्राण्याचा, न सुधारलेला फोटो मागून पाहिला तर खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त कळतं.

कॅमेरे लावून झालं की खरं काम सुरू होतं. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ४ कोटी ७० लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यांत वाघाचे ९७,३९९. म्हणजे जवळपास पाचशे फोटोंमागे वाघाचा एक. त्यांतून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि महाराष्ट्राचा अंदाज २०१८ मधल्या ३१२ वरून ४४४ वर गेला. एवढे फोटो माणसांनी डोळ्यांनी निवडणं अशक्य होतं. आधी एका सॉफ्टवेअरने प्राण्यांच्या जाती वेगळ्या केल्या, मग दुसऱ्याने पट्टे जुळवले आणि शेवटी जाणकारांनी ते तपासले. लहान संस्थांसाठीही आता ‘मेगाडिटेक्टर’सारखी फुकट साधनं आहेत, जी निदान रिकामे फोटो बाजूला काढून देतात. पण कोणतंही सॉफ्टवेअर चुकीचं घड्याळ दुरुस्त करत नाही. सेल बदलल्यावर काही कॅमेऱ्यांची तारीख १ जानेवारीवर जाते. ती लावायची राहिली तर प्राणी कोणत्या वेळी फिरतो, हा अख्ख्या हंगामाचा अभ्यास वाया जातो. म्हणून अनुभवी लोक कार्ड घालताना पहिल्या फोटोत पाटीवर जागा, तारीख आणि वेळ लिहून ती भिंगासमोर धरतात.

फोटोंमध्ये प्राण्यांइतकीच माणसंही येतात, आणि निवडीच्या चर्चेत ही बाब अजून फारशी येत नाही. उत्तराखंडमधल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात त्रिशांत सिमलाई या केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाने केलेला अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपण आणि गवतासाठी जंगलात जाणाऱ्या बायकांना ट्रॅप कॅमेऱ्यांची धास्ती वाटते, त्यांचं मोकळं बोलणं-गाणं थांबतं आणि एका महिलेचा खासगी क्षणाचा फोटो पसरवला गेल्याचंही त्यात नोंदलं आहे. बायका मोठ्याने बोलत, गात जातात तेव्हा वाघाला त्यांची चाहूल लागते. कॅमेऱ्याच्या भीतीने त्या गप्प राहिल्या किंवा आडवाटेने गेल्या, तर धोका त्यांनाच वाढतो. तेंदूपानं आणि मोहफुलं गोळा करायला पहाटे जंगलात शिरणाऱ्या विदर्भातल्या बायकांच्या बाबतीतही हा विचार तितकाच लागू आहे. अदृश्य फ्लॅशचा कॅमेरा चोराला दिसत नाही हा त्याचा गुण, पण तो गावच्या बाईलाही दिसत नाही. अभयारण्यात आणि वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावताच येत नाही. गावाच्या शिवारात लावायचा असेल तर ग्रामसभेत आधी सांगावं, वाटेच्या तोंडाला मराठीत ठळक पाटी लावावी, शौचाला जाण्याच्या आणि पाणी भरण्याच्या वाटा टाळाव्यात. माणसांचे फोटो कोण पाहणार आणि ते किती दिवसांत पुसले जाणार, हे कॅमेरे मागवण्यापूर्वीच कागदावर लिहून, त्या गावच्या बायकांना वाचून दाखवावं.